बोअरच्या पाण्याचा ईसी मोजणारं स्वस्त यंत्र: नव्याने करणाऱ्यांसाठी

निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्षबागेला एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. नव्या काड्या फुटत असतात आणि नेमक्या त्याच दिवसांत बोअरची पातळी खाली जाऊन पाण्यातले क्षार वाढू लागतात. म्हणून कॉलेजचा प्रोजेक्ट असो की स्वतःच्या शेतासाठी, पीएच, गढूळपणा, ऑक्सिजन असं सगळं एकदम अंगावर घेऊ नका. आधी फक्त ईसी (विद्युत वाहकता, यावरून पाण्यात क्षार किती ते कळतं) आणि तापमान. हे दोन आकडे खात्रीचे मिळाले तरी शेतकऱ्याचं मोठं काम होतं.

सामान थोडं आहे: ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर), ॲनालॉग टीडीएस सेन्सर (विरघळलेल्या क्षारांचा, ईसी यावरूनच मिळतो), वॉटरप्रूफ डीएस१८बी२० (तापमानाचा सेन्सर) आणि त्याला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, एडीएस१११५ मॉड्यूल (सेन्सरच्या व्होल्टेजचा आकडा करणारा एडीसी), १८६५० लिथियम सेल, ६ व्होल्टचं छोटं सोलर पॅनेल. खर्च दोन हजारांच्या आसपास. एडीएस१११५ मध्ये पैसे वाचवायला जाऊ नका. ईएसपी३२चा स्वतःचा एडीसी दोन्ही टोकांना चुकीचं वाचतो, आणि वायफाय चालू असताना एडीसी२च्या पिना वापरताच येत नाहीत.

खरी मेहनत कॅलिब्रेशनला आहे. १४१३ मायक्रोसिमेन्सचं (प्रति सेंटीमीटर, हे ईसीचं एकक) प्रमाणित द्रावण विकत मिळतं. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये ते बनवताही येतं: ०.७४५५ ग्रॅम कोरडं, शुद्ध पोटॅशियम क्लोराइड डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून बरोबर १ लिटर करायचं. खताच्या दुकानातलं पोटॅश इथे चालत नाही, त्यात भेसळीचे क्षार असतात. हा आकडा २५ अंशांचा आहे. ईसी दर अंशाला साधारण २ टक्के वाढतो, म्हणजे ३५ अंशांचं पाणी १२०० दाखवत असेल तर त्याचा खरा ईसी १००० आहे. कोडमध्ये ही दुरुस्ती नसेल तर उन्हात तापलेल्या पाइपमुळे दुपारी पाणी उगाच खराब ठरतं.

प्रोब कुठे बसवायचा? फिल्टरनंतर, पण व्हेंचुरीच्या (ठिबकात खत सोडायच्या जोडणीच्या) आधी. पुढे बसवला तर पाण्याऐवजी खत मोजलं जाईल. दाबाच्या लाइनमध्ये तर घालूच नका, सांध्यातून गळतं. १६ मिमीची नळी काढून ४ इंची पाइपच्या उभ्या तुकड्यात पाणी सोडा, वरून ओव्हरफ्लो ठेवा आणि तळाला बारीक भोक पाडा. मोटार बंद झाली की भांडं आपोआप रिकामं होतं आणि ईसी शून्यावर येतो. ते रीडिंग कोडने टाकून द्यायचं. भोक नसेल तर साचलेलं पाणी उन्हाने आटतं आणि ईसी खोटा चढतो. मोटार सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटं सोडून द्या.

आपल्याकडच्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. प्रोबच्या पिनांवर पांढरा थर बसतो आणि आकडा हळूहळू उतरतो. वाटतं पाणी सुधारलं. व्हिनेगरमध्ये दहा मिनिटं ठेवा, मऊ ब्रशने पुसा, धुवा आणि पुन्हा १४१३च्या द्रावणात तपासा. या टीडीएस सेन्सरची मर्यादा १००० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम क्षार), म्हणजे ०.५ गुणकाने (पीपीएम = ईसी × ०.५) सुमारे २००० मायक्रोसिमेन्स. आकडा तिथेच अडकून बसला तर पाणी त्याहून खारट असू शकतं.

पॉवरची चूक बहुतेकांची होते. सेल थेट बोर्डच्या ५ व्होल्ट पिनेला जोडला की सेल थोडा उतरताच वायफाय सुरू होताना बोर्ड रीसेट होतो, कारण बोर्डवरचा रेग्युलेटर एक व्होल्टच्या आसपास खातो. कमी ड्रॉपआउटचा, किमान ५०० मिलिअँपिअरचा रेग्युलेटर घ्या. मळ्यात वायफाय पोचत नसेल तर लोरा (लांब पल्ल्याचा, कमी वीज खाणारा रेडिओ) वापरा, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर सेट करून.

एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या) मार्गदर्शक तक्त्यात ०.७ डेसिसिमेन्स प्रति मीटरपर्यंतचं (आपल्या यंत्रावर ७०० मायक्रोसिमेन्स) पाणी बिनधोक, ३ च्या (३००० मायक्रोसिमेन्सच्या) वरचं गंभीर. मात्र सोडियम, क्लोराइड आणि बायकार्बोनेट या यंत्राला कळत नाहीत. त्यासाठी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर पाण्याचा नमुना लॅबला द्यावाच लागतो.

पीएच नंतर जोडा, पण वेगळ्या भांड्यात. त्याची काच कोरडी पडली की प्रोब बिघडतो, त्यामुळे भोकाचं भांडं त्याला चालत नाही. एकाच पाण्यात दोन्ही ठेवले तर ईसी प्रोबच्या करंटने पीएचचा आकडा उड्या मारतो. रीडिंग घेताना एकाचा पुरवठा बंद करूनच दुसरा चालू करा.