बेळगाव ते काणकोण: गोल्फ, जंगल आणि जुनी देवळे अशी स्वतःच्या गाडीची सहल कशी आखावी

बेळगावहून स्वतःची गाडी घेऊन गोल्फ, जंगल आणि जुनी देवळे असा तिहेरी बेत करणाऱ्याने हॉटेलांचे दर पाहण्याआधी एका अडचणीचा निकाल लावला पाहिजे. गोल्फ खेळण्याची उत्तम वेळ सकाळची असते, कारण तेव्हा वारा पडलेला असतो, ऊन चढलेले नसते आणि ग्रीनवर (खड्ड्याभोवतीच्या आखूड हिरवळीवर) दव असले तरी चेंडूचा अंदाज लागतो. जंगलात प्राणी आणि पक्षी दिसण्याची उत्तम वेळही नेमकी हीच आहे. या दोन्ही गोष्टी एकाच दिवसात बसवू पाहणारे शेवटी दहा वाजता पहिल्या टीवर (डाव सुरू करण्याच्या जागी) पोहोचतात किंवा भर दुपारी सफारीला जातात आणि मग दोन्हींना दोष देतात. म्हणून प्रत्येक सकाळ एकाच कामासाठी राखावी, दुपार देवळे-किल्ल्यांना व प्रवासाला द्यावी, आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे. पुढचा सारा आराखडा या वाटणीवर उभा आहे.

हंगामाबाबत फारसा पर्याय नाही. जून ते सप्टेंबर खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात आणि दांडेलीकडच्या काळी नदीच्या खोऱ्यात पाऊस इतका असतो की जंगलातील सफारी बंद राहतात, घाटांत दरडी येतात आणि फेअरवेवर (टी ते ग्रीन यांमधल्या कापलेल्या हिरवळीवर) पडलेला चेंडू जागीच रुततो. ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ योग्य होय. त्यातही एकच पंधरवडा निवडायचा असेल तर मी फेब्रुवारीचा पहिला सुचवेन, कारण तोवर रान थोडे विरळ झालेले असते, प्राणी पाण्याकडे येऊ लागतात, धनेश पक्ष्यांच्या विणीची लगबग सुरू झालेली असते आणि गोव्याच्या किनाऱ्यावरचा उकाडा अजून सोसवण्याजोगा असतो. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र टाळावा. त्या दिवसांत बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटात गाड्यांची रांग लागते, जंगलाच्या मुक्कामी म्हणजे दांडेलीत खोली मिळत नाही आणि काणकोणला मिळाली तरी परवडत नाही.

या भागात गोल्फची मैदाने मुबलक नाहीत, ही गोष्ट आधीच मान्य करावी. एक मैदान बेळगावात कॅम्पच्या परिसरात आहे आणि दुसरे, सहलीचे मैदान म्हणावे असे, थेट गोव्याच्या दक्षिण टोकाला काणकोणच्या राजबाग किनाऱ्यावरील रिसॉर्टमध्ये आहे. तेथे 9 होल (चेंडू घालायचे खड्डे) असून प्रत्येक होलला दोन टी असल्याने 18 होलचा पूर्ण डाव खेळता येतो. साहजिकच गोल्फ सहलीच्या दोन टोकांना येते आणि दांडेलीचे जंगल मध्ये येते. हा क्रम उलटा करून आधी काणकोण गाठता येते, पण मला तो पटत नाही. समुद्रकिनाऱ्यावर दोन दिवस घालवल्यानंतर पहाटे पाचला उठून थंडीत जीपमध्ये बसण्याचा उत्साह फार थोड्यांत उरतो.

बेळगावचे मैदान लष्करी भागात असल्याने बाहेरच्या खेळाडूने थेट फाटकाशी जाऊन उभे राहू नये. निदान दोन-तीन आठवडे आधी लेखी विचारणा करावी, मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे, आपल्या क्लबचे हँडिकॅप प्रमाणपत्र (खेळाडूची पातळी दाखवणारे) असल्यास तेही न्यावे आणि मिळालेल्या उत्तराची प्रत मोबाईलमध्ये असू द्यावी. सदस्य असलेला कोणी ओळखीचा असेल तर काम अर्थातच सोपे होते. पोशाख कॉलरचा टी-शर्ट आणि साधी पॅन्ट असावा. जीन्स आणि गोल गळ्याचे बनियनवजा शर्ट मुक्कामी ठेवावेत. कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी विचारावे, कारण लष्करी परिसरात छायाचित्रणाचे नियम वेगळे असतात.

बेळगावकरांना हे मैदान ठाऊक आहे ते मात्र गोल्फमुळे नव्हे, बिबट्यामुळे. ऑगस्ट 2022 मध्ये जाधवनगरात शिरलेला बिबट्या पुढे याच मैदानाच्या झाडीत दिसला, आसपासच्या शाळा कित्येक दिवस बंद ठेवाव्या लागल्या, शोधासाठी शिवमोग्ग्याच्या सक्रेबैलू शिबिरातून हत्ती आणले गेले आणि एवढे करूनही तो हाती लागला नाही. वन्यजीवन पाहण्यासाठी दांडेलीलाच जावे लागते असे नाही, हे त्या निमित्ताने शहराला कळले. खेळाडूने मात्र त्यातून व्यवहारापुरते घ्यावे. चेंडू दाट रानात गेला तर तो शोधण्यास नियमाने तीनच मिनिटे मिळतात; तीही आत न घुसता काठावरूनच घालवावीत. चेंडूजवळ विषारी साप किंवा मधमाश्यांचे मोहोळ यांसारखा खरा धोका असेल तर गोल्फच्या नियम 16.2 प्रमाणे दंडाशिवाय सुरक्षित जागी चेंडू टाकता येतो. आणि थांबलेला चेंडू कावळ्याने, कुत्र्याने किंवा माकडाने पळवला तर नियम 9.6 प्रमाणे मूळ जागी दुसरा चेंडू ठेवून खेळावे. त्यासाठीही दंड नाही. या दोन नियमांची या सहलीत खरोखरच गरज पडू शकते.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 फूट उंचीवर आहे आणि येथील विरळ हवेत चेंडू थोडा लांब जातो. काणकोणला समुद्राच्या पातळीवरच्या दाट हवेत आणि दुपारनंतर सुटणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात तोच फटका आखूड पडतो. तेथे पहिल्या काही होलांवर सवयीपेक्षा एक क्लब (चेंडू मारण्याची काठी) मोठा घ्यावा.

आता दिवसांची मांडणी. पुण्याहून येणाऱ्यांना सुमारे 340 आणि कोल्हापूरहून सुमारे 110 किलोमीटर अंतर राष्ट्रीय महामार्ग 48 वरून कापावे लागते, त्यामुळे पहिला दिवस प्रवासाचाच धरावा. दुसऱ्या दिवशी सकाळी गोल्फ आणि दुपारी बेळगावचा किल्ला. किल्ल्यातील कमल बस्ती हे रट्टांच्या राजवटीत 1204 मध्ये उभे राहिलेले जैन मंदिर आहे. त्याच्या मंडपाच्या छतात कोरलेले पाषाणाचे कमळ खाली उभे राहून निवांत पाहावे. संध्याकाळ कॅम्पातील फेरफटक्याला आणि कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) चाखायला पुरेशी आहे. बरोबर नेण्याचा कुंदा मात्र परतताना घ्यावा, कारण गाडीत आठवडाभर तो टिकत नाही.

तिसऱ्या दिवशी दांडेलीला निघावे. खानापूर-अळणावरमार्गे अंतर सुमारे 90 किलोमीटर असले तरी मी सरळ जाण्याचा सल्ला देणार नाही. खानापूरहून हलशीकडे वळावे. गोव्याच्या कदंबांची ही दुसरी राजधानी, आणि त्याही आधी बनवासीच्या कदंबांच्या ताम्रपटांत ‘पलाशिका’ म्हणून आलेले गाव. येथील भूवराह-नरसिंह मंदिरात समोरासमोर दोन गाभारे आहेत. अंगण फरसबंदीचे आणि गर्दी जवळजवळ नसते, त्यामुळे तासभर सहज जातो. पुढे नंदगडला कित्तूरच्या राणी चन्नम्माचा सेनानी संगोळ्ळी रायण्णा याची समाधी आहे. 26 जानेवारी 1831 रोजी इंग्रजांनी त्याला याच गावी फाशी दिले. ज्यांना कदंबांची वास्तुकला विशेष रुचते त्यांनी दुसऱ्या एखाद्या फेरीत कित्तूरजवळच्या देगावचे कमलनारायण मंदिरही पाहावे, पण ते या वाटेवर बसवण्याचा अट्टहास करू नये. हल्याळमार्गे दुपारी चारपर्यंत दांडेली गाठली म्हणजे पुरे.

दांडेलीत तीन रात्री द्याव्यात, दोन नव्हे. दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प 2007 मध्ये जाहीर झाला आणि 2015 पासून तो काळी व्याघ्र प्रकल्प या नावाने ओळखला जातो. नावात व्याघ्र असला तरी वाघ दिसेल या आशेने कोणी येऊ नये. रान दाट, चढउताराचे आणि मोठ्या भागात सदाहरित असल्याने दहा पावलांवरचे जनावरही झाडोऱ्यात लपते. गवा, सांबर, चितळ, भेकर, शेकरू यांची गाठ पडण्याची शक्यता चांगली असते. अस्वल व काळा बिबट्या येथे आहेत, पण त्यांचे दर्शन निव्वळ नशिबावर. खरे वैभव पक्ष्यांचे आहे. धनेशाच्या चार जाती या एकाच परिसरात आढळतात, आणि नदीकाठच्या उंच झाडांवर पहाटे कवड्या धनेशांचा थवा उतरतो तेव्हा दुर्बीण नसल्याची हळहळ वाटते. 8×42 मापाची दुर्बीण या रानासाठी योग्य. त्याहून अधिक वर्धनाची हातात स्थिर राहत नाही.

सफारी वनखात्याच्या जीपमधूनच होते; स्वतःची गाडी कितीही सक्षम असली तरी ती सफारीच्या वाटेवर नेता येत नाही. पहिल्या सकाळी सफारी आणि दुसऱ्या सकाळी गणेशगुडीजवळच्या ओल्ड मॅगझिन हाऊस परिसरात पक्षीनिरीक्षण, असा क्रम ठेवावा. तेथे पाण्याच्या कुंड्यांवर लहान पक्षी येतात आणि छायाचित्रकार तासन्‌तास न बोलता बसतात. सोबत लहान मुले असल्यास हा कार्यक्रम त्यांना मानवणार नाही, त्यांना त्याऐवजी गणेशगुडीलाच काळी नदीत राफ्टिंगला न्यावे. दांडेलीच्या आसपास नदीत मगरी आहेत, म्हणून नदीचा घाट दिसला की उतरून पाय धुण्याची सवय येथे आवरावी. राहण्यासाठी वनखात्याचे कुळगी येथील निसर्ग शिबिर आणि राज्य सरकारच्या जंगल लॉजेसचे काळी अ‍ॅडव्हेंचर कॅम्प हे दोन पर्याय खासगी रिसॉर्टांपेक्षा मला बरे वाटतात. तेथे रात्री मोठ्याने गाणी लागत नाहीत, आणि जंगलात राहायला आलेल्याला याहून मोठी सोय नको असते.

खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्यासाठी वेगळी सहल करावी. सुमारे 190 चौरस किलोमीटरचे हे रान 2011 मध्ये अभयारण्य झाले. बारापेडे गुहांतील रॉटनच्या वटवाघळांमुळे ते अभ्यासकांना ठाऊक आहे. ती जगात फार थोड्या ठिकाणी सापडतात, म्हणून गुहांकडे हौशी पर्यटकाने फिरकू नये आणि वनखात्याच्या परवानगीवाचून आतल्या वाटा धरू नयेत.

सहाव्या दिवशी दांडेली सोडताना गाडीची टाकी पूर्ण भरावी. जोयडा, अणशी आणि कद्रामार्गे कारवारपर्यंत सुमारे 100 किलोमीटरची वाट बहुतांशी जंगलातून जाते, मोबाईलची रेंज तुटते आणि अणशीनंतर घाट उतरतो. नकाशा आधीच उतरवून घ्यावा, न्याहारी करून आठला निघावे. घाटात उतरताना ब्रेकवर पाय दाबून न ठेवता खालच्या गिअरमध्ये गाडी चालवावी आणि अरुंद वळणावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी. गवे रस्त्यावर असतील तर थांबावे, हॉर्न वाजवू नये आणि कळप पूर्ण जाईपर्यंत गाडीतून उतरू नये. एक गेला की मागे आणखी असतात. कारवारला काळी नदीवरचा जुना पूल 7 ऑगस्ट 2024 च्या मध्यरात्री कोसळला, हे अनेकांना आठवत असेल. नदी ओलांडली की सदाशिवगड आणि पुढे सुमारे तासाभरात काणकोण.

काणकोणला दोन सकाळी गोल्फसाठी ठेवाव्यात. रिसॉर्टमध्ये न उतरणाऱ्यांनी टी टाइम (खेळ सुरू करण्याची वेळ), ग्रीन फी (मैदानाचे शुल्क) आणि भाड्याचे क्लब यांची चौकशी फोनवरून आदल्या आठवड्यातच करावी, कारण हॉटेलच्या पाहुण्यांना प्राधान्य असते. दुपारी खोतीगाव अभयारण्य किंवा काब द राम किल्ला पाहता येतो. जवळच गालजीबाग किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. तेथे रात्री टॉर्च घेऊन फिरू नये. वनखात्याने कुंपण घातलेली घरटी दिवसा लांबून पाहावीत.

गाडीविषयी दोन गोष्टी. गोल्फची भरलेली बॅग सुमारे चार फूट लांब असते आणि लहान गाडीच्या डिकीत ती आडवी बसत नाही, म्हणून चौघे खेळाडू असतील तर मोठी गाडीच घ्यावी किंवा दोन गाड्या कराव्यात. नियमाने 14 क्लब चालतात, पण या सहलीला नऊ-दहा पुरेत. भाड्याची गाडी घेणाऱ्याने काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्यावी आणि कर्नाटक व गोवा दोन्ही राज्यांचा प्रवेशकर, परवाना व विमा यांचे कागद तपासावेत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेणे बेकायदा आहे आणि नाक्यावर ते उघडे पडते.

परतीची वाट मडगाव, मोले, अनमोड, रामनगर, खानापूर अशी धरावी. मोलेजवळ तांबडी सुर्ला येथे बाराव्या शतकातील महादेव मंदिर आहे. तेही कदंबांच्याच काळातले असल्याने हलशी पाहून आलेल्याला दोन्हींतील साम्य लगेच जाणवते. दूधसागरसाठी कुळे येथून जीपने जावे लागते आणि त्यात अर्धा दिवस मोडतो. वेळ कमी असेल तर तो सोडावा, मंदिर सोडू नये. अनमोडच्या नाक्यावर अबकारी खात्याची तपासणी होते. गोव्यातील स्वस्त दारू परवान्याविना कर्नाटकात आणता येत नाही, आणि गोल्फच्या बॅगेच्या खिशात ठेवलेली बाटली तपासणाऱ्यांना सर्वांत आधी सापडते. घाट उजेडात चढून खानापुरात चहाला थांबावे. तेथून बेळगाव 26 किलोमीटर आहे.