बियाण्याच्या शेंगा तोडण्याआधी पट्टी आणि वही घ्या

घेवड्याच्या शेंगा वाळायला लागल्या की घरचं बियाणं राखणारा माणूस शेतात शिरतो आणि लांबलचक शेंगा तेवढ्या तोडून आणतो. नजर लांब शेंगेवरच जाते, त्याला इलाज नाही. म्हणून आधी मोजा, मग तोडा.

बांधालगतच्या दोन ओळी सोडा; तिथल्या झाडांना ऊन आणि जागा जास्त मिळते. आत दर वीस पावलांवर थांबा आणि उजव्या हाताला येईल ते झाड घ्या, आवडो न आवडो. शेंग झाडाच्या मधल्या भागातलीच घ्या, कारण एकाच झाडावर वरच्या-खालच्या शेंगांत फरक असतो. वाकड्या शेंगेच्या पाठीवरून दोरा फिरवा आणि तो पट्टीवर धरा. निदान तीस शेंगा तरी हव्यात.

सरासरी सगळेच काढतात आणि तिथेच फसतात. दोन तुकड्यांतल्या दहा-दहा शेंगा सेंटिमीटरमध्ये पाहा (हिशोब समजावा म्हणून आकडे थोडेच घेतले आहेत):

पहिला: 12, 13, 12, 14, 13, 12, 13, 14, 13, 14
दुसरा: 9, 17, 11, 15, 13, 10, 16, 13, 12, 14

दोन्हींची सरासरी 13. आता प्रत्येक मापातला सरासरीपासूनचा फरक काढा, त्याचा वर्ग करा, सगळ्या वर्गांची बेरीज 9 ने भागा (मापांच्या संख्येपेक्षा एक कमी) आणि वर्गमूळ घ्या. हे प्रमाण विचलन, म्हणजे मापं सरासरीभोवती किती पसरली आहेत याचा आकडा. पहिल्यात ते 0.8 येतं, दुसऱ्यात 2.6, म्हणजे सरासरीच्या 6 टक्के आणि 20 टक्के. दुसऱ्या तुकड्यात एक तर बियाण्यात भेसळ आहे, नाहीतर पाणी, खत किंवा झाडांमधलं अंतर सारखं नाही. आधी पाण्याचा पाट तपासा, दोष बहुधा तिथेच सापडतो.

डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहानसन यांनी 1903 मध्ये घेवड्यावरच दाखवलं होतं, की एकाच शुद्ध वाणातले (एकाच झाडापासून स्वपरागीकरणाने वाढलेल्या पिकातले) जड दाणे पेरले काय नि हलके पेरले काय, पुढच्या पिढीच्या दाण्यांचं सरासरी वजन जवळजवळ तेवढंच राहतं. तो फरक जमीन-पाण्याचा, रक्तातला नव्हे. मिसळीच्या बियाण्यात मात्र निवड लागू पडते. मक्यासारख्या परपरागीकरणाच्या (दुसऱ्या झाडाच्या परागाने बी धरणाऱ्या) पिकाला हा दाखला लावू नका.

तुमचं बियाणं शुद्ध वाणाचं आहे की मिसळीचं, ते पुढच्या पेरणीत कळेल. लांब शेंगांचं बी एका ओळीत आणि सरसकट शेंगांचं बी शेजारच्या ओळीत पेरा, अशा तीन-चार जोड्या करा, पाणी सारखं द्या आणि याच पद्धतीने पुन्हा मोजा.