एच-रिफ्लेक्स घटला, पण कुठे? सलग उत्तेजनाच्या प्रयोगांत उतरणाऱ्यांसाठी

गुडघ्यामागच्या खळगीत टिबियल नर्व्हला (पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूला) एक मिलिसेकंदाचा विद्युत पल्स दिला की सोलियस या पोटरीच्या स्नायूच्या ईएमजीवर, म्हणजे विद्युत नोंदीवर, सुमारे ५ मिलिसेकंदांनी एम-वेव्ह (थेट स्नायूकडे गेलेल्या पल्सचा प्रतिसाद) आणि सुमारे ३० मिलिसेकंदांनी एच-रिफ्लेक्स (मज्जारज्जूतून फिरून आलेला प्रतिसाद) उमटतो, हे आपण सर्वांनी प्रात्यक्षिकात पाहिलेले असते. खरी परीक्षा सुरू होते ती तोच पल्स पुन्हा पुन्हा देऊ लागल्यावर.

शिथिल स्नायूत दर दहा सेकंदांनी एक पल्स दिला तर रिफ्लेक्सची उंची बऱ्यापैकी टिकते. सेकंदाला एक दिला तर ती स्पष्टपणे घटते. ही घट पाहून ‘मोटर न्यूरॉनची (स्नायूला आज्ञा देणाऱ्या मज्जारज्जूतील पेशीची) उत्तेजनक्षमता कमी झाली’ असे वाक्य वहीत लिहिण्याचा मोह होतो आणि माझे कितीतरी महिने याच वाक्याने खाल्ले. पल्स आधी वनए तंतूंतून (स्नायूच्या ताणाची खबर नेणाऱ्या संवेदी तंतूंतून) मज्जारज्जूत जातो, तेथे तंतूच्या टोकातून रसायन सुटते आणि मगच मोटर न्यूरॉनचा संबंध येतो. वारंवार वापरल्या गेलेल्या टोकातून रसायनच कमी सुटत असेल, तर पेशी पूर्ण ताजी असूनही रिफ्लेक्स लहान दिसतो, आणि कमी वारंवारतेवरील घटीचे मुख्य कारण हेच आहे. वाढीचेही तसेच आहे: डेव्हिड लॉइड यांनी १९४९ साली दाखवले की जोरदार सलग उत्तेजनानंतर मोनोसिनॅप्टिक रिफ्लेक्स (तंतू आणि पेशी यांच्यात एकच सिनॅप्स, म्हणजे जोड, असलेला) काही काळ वाढतो, परंतु ही वाढ उत्तेजित केलेल्या मार्गापुरतीच राहते, शेजारच्या, न वापरलेल्या तंतूंमार्फत त्याच पेशींना चाचपले तर ती आढळत नाही. म्हणून रिफ्लेक्स घटो वा वाढो, पहिला प्रश्न ‘बदल तंतूच्या टोकात की पेशीत?’ हाच असला पाहिजे.

याच्याही आधी एम-वेव्ह पाहावी. इलेक्ट्रोड किंचित सरकला तरी एच बदलतो, म्हणून छोटी एम-वेव्ह प्रत्येक पल्सला तेवढीच राहते आहे याची खात्री केल्याशिवाय एकही आकडा स्वीकारू नये. सगळ्या नोंदींची सरासरी एका क्लिकसरशी काढणाऱ्या तयार स्क्रिप्टवर माझा विश्वास नाही; सुरुवातीला प्रत्येक लहर स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. मार्गदर्शक निवडतानाही, शोधनिबंधांची यादी मोठी असलेल्यापेक्षा इलेक्ट्रोड लावताना शेजारी उभे राहणारे सर किंवा मॅडम मिळाल्या तर ते भाग्य समजावे.

हे सारे वाचून घाबरू नये, कारण पेशीचा स्वतःचा सहभागही खरोखर असतो आणि तो पाहणे हा या विषयातला सर्वांत मोठा आनंद आहे. हौन्सगोर, हुल्टबोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात डीसेरिब्रेट (मोठ्या मेंदूचा संबंध तोडलेल्या) मांजरांत दाखवले की वनए तंतूंना थोडा वेळ उत्तेजन देऊन थांबले तरी मोटर न्यूरॉन सलग स्पंदत (विद्युत संदेश सोडत) राहू शकतो आणि अल्पकाळच्या प्रतिबंधक उत्तेजनाने तो थांबतो. पेशीत थेट विद्युतप्रवाह सोडूनही हीच अवस्था आणता आली, म्हणजे येथे सिनॅप्सला श्रेय देता येत नाही. पेशीपटलातून आत येणारे चिवट, म्हणजे लवकर न थांबणारे, विद्युतप्रवाह हे या अवस्थेचे मूळ आहे. मज्जारज्जू छेदल्यावर ही क्षमता नाहीशी झाली आणि सेरोटोनिन या चेतारसायनाचे पूर्वद्रव्य (ज्यापासून ते बनते तो पदार्थ) दिल्यावर परतली, यावरून मेंदूच्या देठाकडून उतरणाऱ्या तंतूंचे महत्त्व कळते.

माणसांत कॉलिन्स, बर्क आणि गँडेव्हिया यांनी २००१ साली रुंद पल्स व १०० हर्ट्झपर्यंतच्या उत्तेजनाने अपेक्षेपेक्षा मोठे अनैच्छिक बल नोंदवले, आणि ते पेशीच्या याच अवस्थेशी जुळणारे होते. हा परिणाम सर्वांत सारखा दिसत नाही. काहींत तो जवळजवळ मिळतच नाही. अशा व्यक्तींच्या नोंदी ‘बिघडलेल्या’ म्हणून वगळणे हा अक्षम्य शॉर्टकट आहे. त्या तशाच जपाव्यात, आणि उत्तेजन थांबल्यानंतरची ईएमजीची नोंद निदान काही सेकंद तरी चालू ठेवावी, कारण टिकून राहिलेले स्पंदन असलेच तर ते तेथेच सापडते.