घरभाडे भत्ता घेण्यापूर्वीची तयारी, एका फसलेल्या हवालदाराकडून

फील्ड एरियात, म्हणजे जिथे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा भागात, बदली झालेला जवान बायकामुलांसाठी बेळगावात गणेशपूर किंवा हिंडलग्याकडे दोन खोल्या भाड्याने घेतो आणि भत्ता आपोआप सुरू होईल अशा भरवशावर गाडीत बसतो. मीही तसाच बसलो होतो, आणि त्यापायी आठ महिने खिशातून भाडे भरले. आता पुतण्याची बदली आली आहे, म्हणून ही तयारी क्रमाने लिहीत आहे.

सर्वप्रथम आपल्याला किती रक्कम मिळणार ते काढावे. या भत्त्यासाठी गावांचे एक्स, वाय आणि झेड असे वर्ग केलेले आहेत. बेळगाव शहर वाय वर्गात मोडते. खानापूर, निपाणी, चंदगड ही गावे झेड वर्गात. १ जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोहोचल्यामुळे वाय वर्गासाठी मूळ वेतनाच्या २० टक्के आणि झेड वर्गासाठी १० टक्के असा दर आहे. मूळ वेतन म्हणजे पे मॅट्रिक्समधला, म्हणजे सरकारी वेतनतक्त्यातला आकडा. ५,२०० रुपयांचे सैन्य सेवा वेतन त्यात धरत नाहीत, आणि ते मिळवून हिशोब करणारे मग विनाकारण कारकुनाशी भांडत बसतात. २९,२०० मूळ वेतन असलेल्या हवालदाराला बेळगावात ५,८४० मिळतील, खानापुरात २,९२०. हा फरक पाहून कोणी कुटुंब चंदगडला सासुरवाडीत ठेवून कागदावर बेळगाव लिहिण्याचा विचार करत असेल, तर त्याने तो सोडून द्यावा. खोटे निवेदन उघडकीस आले की प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही.

लग्नाची नोंद, मुलांचे जन्मदाखले, आधार हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या भागासाठी एवढेच सांगतो की, पत्नीचे माहेर महाराष्ट्रात आणि आधार कर्नाटकातले असेल, तर मराठी, कन्नड आणि इंग्रजी कागदांवर आडनावाची तीन रूपे निघतात. किंड्रेड रोलमध्ये, म्हणजे लष्कराकडच्या आपल्या कुटुंबाच्या नोंदीत, जे स्पेलिंग आहे तेच सर्वत्र आहे ना, हे घरी असतानाच पाहावे. पत्नी सरकारी नोकरीत असून तिला त्याच गावात सरकारी घर मिळालेले असेल, तर आपल्याला हा भत्ता मिळत नाही.

आता मुख्य गोष्ट, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या बाबतीतला बदल पगार कार्यालयाला कळवणारा युनिटचा लेखी आदेश. क्वार्टर सोडताना मी पंखे, खिडक्यांच्या काचा, नळाच्या तोट्या एक एक मोजून ताब्यात दिल्या, रिकामे केल्याचा दाखला घेतला, तो कंपनीच्या कारकुनाच्या हाती दिला आणि निश्चिंत झालो. दाखला त्याच्या रजिस्टरमध्ये घडी घालून पडून राहिला. पार्ट टू ऑर्डर निघालीच नाही, त्यामुळे पगार काढणाऱ्यांच्या लेखी माझे कुटुंब अजून क्वार्टरमध्येच राहत होते. दोष कारकुनाचा होता, पण पावती न पाहणारा मी होतो. दाखला देणे म्हणजे पार्ट टू ऑर्डर निघणे नव्हे, आणि ती निघणे म्हणजे पैसे जमा होणेही नव्हे. ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख मागून डायरीत लिहून घ्यावी. ‘होऊन जाईल, साहेब’ हे उत्तर स्वीकारू नये. त्यानंतर दर महिन्याला लष्कराच्या हमराज अॅपवर वेतनपत्रक उघडून ती ऑर्डर मान्य झाली की नाकारली गेली ते पाहावे, कारण तारखेतील लहानशा चुकीनेही ती परत येते आणि परत आल्याचे कोणी घरी येऊन सांगत नाही. पुन्हा सांगतो, क्रमांक घेतल्याशिवाय युनिट सोडू नये.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांचे वेतन लेखा कार्यालय बेळगावातच असल्याने त्यांना सुट्टीत स्वतः जाऊन विचारता येते. तोफखान्यातल्या आपल्या मुलांचे नाशिकला आहे, त्यांनी तर पार्ट टू ऑर्डरबाबत दुप्पट सावध राहावे.

भाडेकरार अकरा महिन्यांचा, स्टॅम्प पेपरवर करावा. मजकूर कन्नडमध्ये असेल तर वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. डिपॉझिटची पावती घ्यावी. प्राप्तिकरातील सवलत फक्त जुन्या करपद्धतीत मिळते, वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेल्यास घरमालकाचा पॅन लागतो, आणि तो देण्यास मालक कुरकुरतात, म्हणून घर ठरवतानाच विचारावे.

पुढे पुन्हा क्वार्टर मिळाले, तर भत्ता बंद करण्याचीही पार्ट टू ऑर्डर निघावी लागते. ती राहिली तर जादा गेलेली रक्कम पगारातून वसूल होते. तिचाही क्रमांक डायरीत लिहावा.