सभागृहातील दिव्यांचे हिरवे ठिपके

नाट्यगृहातील गायनाच्या मैफलीची छायाचित्रे काढताना गायिकेच्या गालावर आणि तंबोऱ्याच्या भोपळ्यावर फिकट हिरवे ठिपके उमटत होते. चित्र मोठे करून पाहिल्यावर लक्षात आले की, प्रत्येक ठिपका म्हणजे रंगमंचावरच्या एखाद्या दिव्याचे उलटे प्रतिबिंब असून तो चौकटीच्या मध्यबिंदूपलीकडे, बरोबर विरुद्ध बाजूस आणि तितक्याच अंतरावर पडतो. ही खूण फार उपयोगी आहे, कारण असा ठिपका बहुधा लेन्सपुढे लावलेल्या सपाट काचेमुळे, म्हणजे यूव्ही फिल्टरमुळे येतो. सेन्सरवरून, म्हणजे कॅमेऱ्यातील चित्र टिपणाऱ्या भागावरून, परावर्तित झालेला प्रकाश त्या काचेवर आदळून पुन्हा सेन्सरकडे परततो. परावर्तन कमी करणारा लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो, आणि काळोख्या पार्श्वभूमीवर प्रखर दिवा असला की तेवढाही पुरतो.

फिल्टर काढताच ठिपके नाहीसे झाले. चित्रावर पसरलेला दुधाळपणा मात्र राहिला. तो चौकटीबाहेर, बाजूला असलेल्या दिव्याचा होता. त्यासाठी लेन्स हूड, म्हणजे बाजूचा प्रकाश अडवणारे लेन्सभोवतीचे कडे, लावले आणि लेन्सच्या काचेवरचा बोटाचा पुसट ठसा मायक्रोफायबर कापडाने पुसून घेतला. दिवा चौकटीतच असेल, तर हूडचा काही उपयोग होत नाही. अशा वेळी मी थोडा बाजूला सरकून तो दिवा खांबाआड किंवा गायिकेच्या डोक्यामागे घेतो. संपादन करताना ठिपका पुसता येतो खरा, परंतु तो चेहऱ्यावर असल्यास त्वचेचा पोत बिघडतो आणि ते मला मुळीच पटत नाही.