तिठ्यावरचा गतिरोधक कसा झाला

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावरच्या तिठ्यावर सकाळी मुलं बालरथाची, म्हणजे शाळेच्या बसची, वाट बघत उभी असतात. उतारावरून येणाऱ्या गाड्या तिथे वेग कमीच करत नसत. चवथीच्या आधी शेजारची मुलगी थोडक्यात वाचली. तिची चप्पल रस्त्याच्या मधोमध पडली होती, ती मीच उचलून आणली.

पंचायतीत दोनदा तोंडी सांगून झालं होतं. "बघतो" म्हणाले, पुढे काही नाही. मग लेखी अर्ज केला आणि पोच घेतली. ही पोच फार महत्त्वाची, तिच्याशिवाय पुढे विचारायला तोंड राहत नाही. अर्जासोबत वळणाचे फोटो आणि वाड्यावरच्या सगळ्या घरांच्या सह्या जोडल्या. सह्यांसाठी तीन संध्याकाळी फिरलो.

रविवारच्या ग्रामसभेत विषय मांडला. नुसतं बोलून थांबलो नाही, ठराव इतिवृत्तात लिहून घ्यायला लावला. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, पंचायतीला स्वतः काम करता येत नाही. म्हणून ठरावाची प्रत घेऊन मीच खात्याच्या कार्यालयात जात राहिलो.

एक गोष्ट आवर्जून सांगतो: लोकांनी स्वतः सिमेंटचा उंचवटा घालू नये, दुचाकीवाले पडतात. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या 1988 च्या मानकात सर्वसाधारण गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि गाडी जाते त्या दिशेने 3.7 मीटर रुंद सांगितला आहे, आणि त्याच्या थोडं आधी इशाऱ्याचा फलक लागतो.

आमचा तसाच झाला. पांढरे पट्टे मात्र पावसात पुसट झालेत, त्यासाठी कालच नवा अर्ज दिला. पोच घेतली आहे.