सोलापुरात बसून सहा हजार मीटरचे बूट निवडताना

मे महिन्यात पारा त्रेचाळीसला टेकलेला असतो आणि पोरं घरी येऊन विचारतात, "मॅडम, बूट कुठले घेऊ?" मी शाळेत गणित शिकवते आणि गेली बारा वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत हिमालयात शिखरं चढायला जाते. त्यांना कंपनीचं नाव हवं असतं. मी आधी त्यांना फरशीवर उभं करते, पायाखाली कागद सरकवते आणि पेन्सिलीनं पावलाभोवती रेघ मारते, दोन्ही पायांच्या. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा निघतो. बूट त्या मोठ्या पायाच्या मापानं घ्यायचा.

मापावर मी एवढी का अडते, तेही सांगते. दुसऱ्याच मोहिमेत आम्ही देव टिब्बा शिखरावर गेलो होतो, उंची ६,००१ मीटर. मनालीत निघायच्या आदल्या संध्याकाळी घाईघाईत भाड्याचे बूट घेतले. जरा आवळत होते. दुकानदार म्हणाला, चालून चालून सैल होतील. कातडी बूट थोडे सैल होतात, पण हे प्लास्टिकचे होते आणि प्लास्टिक सैल होत नाही. शिखराच्या रात्री एक वाजता निघालो. तीनच्या सुमाराला उजवा अंगठा दुखायचा थांबला आणि मला हायसं वाटलं. खरं तर तेव्हाच थांबून बूट काढायला हवा होता. तंबूत परतून मोजा काढला, तर अंगठ्याचं टोक मेणबत्तीसारखं पांढरं पडलेलं, चिमटा काढला तरी कळेना. अंगठा वाचला, पण ऑगस्टपर्यंत बधिर होता.

बूट स्वतः ऊब तयार करत नाही. ऊब रक्त आणतं, बूट ती फक्त धरून ठेवतो. बूट आवळला की रक्ताची वाट अडते आणि बोटांभोवतीची उबदार हवाही दाबून जाते. म्हणून थंडी वाजते म्हणून आवळणाऱ्या बुटात आणखी एक मोजा घातला, तर पाय जास्तच गारठतो. १९५० साली अन्नपूर्णेवर पहिल्यांदा माणूस पोचला, आणि तिथून उतरलेल्या एर्झोग आणि लाशनाल या दोघा फ्रेंच गिर्यारोहकांनाही हिमदंशामुळे पायाची बोटं गमवावी लागली. तेव्हा कातडी बूट होते. आज साधनं चांगली आहेत, पण माप चुकलं तर तीही कामाला येत नाहीत.

आता प्रकार. जूनमध्ये पाच-सव्वापाच हजार मीटरच्या शिखरावर, समजा फ्रेंडशिप पीकवर (५,२८९ मीटर) जायचं असेल, तर आतून ऊबदार अस्तर असलेला, कडक तळव्याचा एकेरी बूट पुरतो. सहा हजाराच्या वर, बर्फात तीन-चार रात्री काढायच्या असतील, तर डबल बूटच घ्या. डबल म्हणजे बाहेरचं कवच वेगळं आणि आतला मऊ बूट वेगळा. आठ हजारी शिखरांसाठी गुडघ्याखालपर्यंत गेटर, म्हणजे बर्फ आत जाऊ न देणारं कापडी आवरण, शिवलेले बूट येतात. आपल्याकडच्या पहिल्या-दुसऱ्या मोहिमेला ते लागत नाहीत, वजन मात्र वाढतं.

डबल बुटाचं खरं मोल रात्री कळतं. दिवसभर पायाला घाम येतो आणि तो अस्तरात मुरतो. एकेरी बुटात तोच ओलावा रात्रीतून गोठतो. डबल बुटातला आतला बूट काढून स्लीपिंग बॅगमध्ये घेता येतो, सकाळी तो कोमट मिळतो. २९ मे १९५३ च्या पहाटे हिलरींचे बूट तंबूबाहेर राहिल्यामुळे दगडासारखे गोठले होते. स्टोव्हवर धरून ते मऊ करण्यात जवळजवळ दोन तास गेले, आणि मग ते आणि तेनसिंग एव्हरेस्टकडे निघाले.

तळवा बघायची रीत सोपी आहे. बूट टाचेला आणि चवड्याला धरून वाकवा. बर्फाच्या चढाचा बूट वाकता कामा नये, कारण लवचीक तळव्यावर क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारी लोखंडी दात्यांची पट्टी, टिकत नाही. पुढे-मागे क्रॅम्पॉन बसायला खाच असते, ती झिजलेली नाही ना, बोट फिरवून बघा. जमलं तर क्रॅम्पॉन सोबत न्या, बुटावर चढवा, पट्टा न बांधता क्रॅम्पॉनला धरून बूट उचला आणि हलवा. सुटला तर ती जोडी तुमची नाही.

घालून बघायचं ते संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय सुजतो आणि उंचीवरही सुजतो. मोजे तेच घाला जे वर घालणार आहात: आत पातळ, वर जाड लोकरी. सुती मोजा अजिबात नको. सोलापुरी टॉवेल पाणी पिऊन धरून ठेवतो म्हणून आपण त्याचं कौतुक करतो, पण सुती मोजाही घाम तसाच धरून ठेवतो. नाड्या न बांधता पाय पुढे सरकवा, बोटं टोकाला टेकली की टाचेमागे एक बोट जायला हवं. मग टाच मागे ठोकून नाड्या बांधा आणि चवड्यावर उभे राहा. टाच आत उचलली जात असेल, तर दुसऱ्या दिवशी फोड ठरलेला.

यापुढची परीक्षा मी घरी घेते. वडिलांच्या मागाची एक जुनी फळी आहे, ती जिन्याच्या पायरीला तिरकी टेकवते आणि पोरांना उतरत्या बाजूला तोंड करून दहा मिनिटं उभं करते. बोटं पुढे टेकली तर बूट नापास. शिखरावरून खाली यायला चार-पाच तास लागतात, तेवढा वेळ नखं टोकावर आपटली की काळी पडतात. नंबरावर विसंबू नका. युरोपियन एक नंबर म्हणजे साधारण ६.७ मिलिमीटर, ब्रिटिश एक नंबर म्हणजे साधारण ८.५. शिवाय साचा कंपनीगणिक वेगळा. आपल्या रुंद, चप्पल घालून पसरलेल्या पायांना अरुंद साचा फार जाचतो.

सोलापुरात हे बूट घालून बघायची सोय मला आजवर सापडली नाही, म्हणून माझा आग्रह असा: पहिल्या दोन मोहिमा भाड्याच्या बुटांवर करा. नवी डबल जोडी अर्ध्या लाखाच्या पुढे जाते, आणि आपला पाय आपल्याला कळायच्या आत एवढे पैसे घालू नयेत. मनालीला दोन दिवस आधी पोचा आणि पहिल्याच दिवशी बूट घ्या. घेतलेले बूट घालून गावातल्या चढावर तासभर फिरा, चुकले तर बदलायला दुसरा दिवस हातात राहतो. आतला बूट बाहेर काढून हात घाला, ओलसर आहे का, दबून पातळ झालाय का बघा. प्लास्टिकचे असतील तर घोट्यापाशी केसाएवढ्या चिरा शोधा. जुनं प्लास्टिक थंडीत अचानक तडकतं. उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेत कोर्सला जाल, तर तिथे बूट मिळतात. पहिल्याच दिवशी नीट घालून बघा आणि जाचत असतील तर तिथल्या तिथे बदलून मागा. लाजू नका.

विकत घेतलेच, तर इथे ते सांभाळणं वेगळंच काम आहे. माझे पहिले ट्रेकिंग बूट पत्र्याखालच्या माळ्यावर दोन उन्हाळे प्लास्टिक पिशवीत पडून होते. नळदुर्गच्या तटावर अर्ध्या तासात त्यांचा तळवा पावासारखा कुस्करला. वर्षांनुवर्षं उष्णता आणि कोंडलेली दमट हवा लागली की तळव्यातला फोम आतून सडतो. तेव्हा परत आल्यावर नाड्या सोडा, आतला बूट वेगळा काढा, सावलीत वाळवा, कागदाचे बोळे भरा आणि खालच्या मजल्यावर मोकळ्या हवेत ठेवा. दर दोन महिन्यांनी एकदा घालून घरात चाला. आमच्याकडे ते शिलाई मशीनशेजारी असतात, आणि दिवाळीच्या साफसफाईत सगळ्यात आधी मी त्यांचेच तळवे दाबून बघते.